चांदीच्या विटा मोजल्या, माणसं मोजायची राहिली

(पारशिवनी, जि. नागपूर येथील युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मित्र-मैत्रिणींनो,

आजचा विषय फलकावर लिहिला गेला, तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, बुडालेली जहाजं आणि त्यांची संग्रहालयं? पारशिवनीत? आपल्याकडे पेंच आहे, कन्हान आहे. समुद्र तर सातशे-आठशे किलोमीटर लांब. आपला काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्याच घरात सापडेल. १९९५ पर्यंत आपल्या देशातून हजला बोटीने जाता येत होतं. त्या वर्षी 'अकबरी' ही बोट हाजींना घेऊन शेवटची गेली. त्याआधी कित्येक पिढ्या विदर्भातले हाजी नागपूरहून रेल्वेने मुंबईला जात, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करत आणि मुघल लाइन कंपनीच्या बोटीने जिद्दाला निघत. त्या काळी हजला निघालेला माणूस गावभर फिरून सगळ्यांकडून कहासुना माफ करून घ्यायचा. समुद्राचा प्रवास, परत येऊ की नाही याचा भरवसा नाही, ही भावना त्यात होती. मग ज्या घरात बोटीने जाऊन आलेले दादा, नाना, दादी, नानी होऊन गेले, त्या घराचा समुद्राशी संबंध नाही असं कसं म्हणायचं?

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. जहाज बुडालं की त्यातल्या किमती मालाचा हिशेब कधी ना कधी लागतो. त्यासाठी कंपन्या पुढे येतात, सरकारं येतात, न्यायालयं निकाल देतात. माणसांचा हिशेब मात्र आपोआप लागत नाही. तो कुणीतरी मुद्दाम ठेवावा लागतो. लहानात लहान संग्रहालयाचं खरं काम हेच आहे, आणि ते करायला समुद्रकिनारा लागत नाही.

वस्तू काय सांगतात

आधी समुद्रातून वर आलेल्या वस्तूंकडून आपण काय शिकतो ते पाहू.

गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या पुरातत्त्व विभागाच्या लोकांनी गोव्याच्या समुद्रात पाणबुड्यांसह उतरून अनेक वर्षं काम केलं. मुरगावजवळ सुंची रीफ नावाचा खडक आहे. तिथे त्यांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात तोफा होत्या, नांगर होता, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते, मर्तबान पद्धतीच्या मोठ्या बरण्यांची खापरं होती, हस्तिदंत होते आणि पाणघोड्याचे दातही होते.

आता विचार करा. पाणघोडा आफ्रिकेत असतो. चिनी मातीची भांडी चीनमधली. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर, आपण लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतो ते त्याच्यावरूनच. म्हणजे एका खडकावर फुटलेल्या एका जहाजात तीन दिशांचा माल होता. कोणत्याही बखरीत या जहाजाचा प्रवास लिहिलेला नसला तरी वस्तूंनी तो सांगितला.

दुसरं उदाहरण त्याच गोव्याच्या समुद्रातलं. सेंट जॉर्ज रीफ नावाच्या खडकाजवळ कौलं, कोन्याची कौलं, खांबांचे भाजक्या मातीचे भाग असा बांधकामाचा माल समुद्रतळावर पडलेला सापडला. कौलांवर बासेल मिशन टाइल वर्क्स असा छाप आणि १८६५ हे वर्ष होतं. घाईने वाचणारा म्हणेल, जहाज १८६५ चं. पण १८६५ हे मंगळुरातला तो कारखाना सुरू झाल्याचं वर्ष. ते कारखान्याच्या शिक्क्याचा भाग होतं. त्यावरून एवढंच कळतं की जहाज १८६५ नंतर कधीतरी बुडालं. छाप वाचायचा, पण त्यात नसलेलं वाचायचं नाही. इतिहासाच्या अभ्यासाचा हा पहिला नियम आहे. व्हॉट्सॲपवर रोज इतिहास येऊन पडण्याच्या काळात तर तो प्रत्येकाने पाठ करावा असा आहे.

तिसरं उदाहरण आपल्याला जवळचं वाटेल. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्री काकडी गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना एक जुनं जहाज सापडलं. ते नवव्या शतकातलं होतं आणि अरबी बांधणीचं होतं. त्याच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. अशा शिवलेल्या होड्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही बांधल्या जात. त्या जहाजात साठ हजारांच्या आसपास वस्तू होत्या, बहुतेक चीनमधल्या चांगशा इथल्या भट्ट्यांतले वाडगे. एका वाडग्यावर चिनी कालगणनेतली तारीख कोरलेली होती. ती इसवी सन ८२६ ची निघाली. काही वाडग्यांवर अरबी अक्षरांसारखी नक्षी होती. म्हणजे बगदादमध्ये अब्बासी खलिफा होते त्या काळात चीनमधला बौद्ध कुंभार मुस्लिम गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार वाडगे रंगवत होता.

हा सगळा साठा पुढे सिंगापूरने विकत घेतला आणि तो आज तिथल्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहे. पण २०११ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने याच वस्तूंचं ठरलेलं प्रदर्शन थांबवलं. कारण असं की जहाज एका व्यापारी कंपनीने उपसलं होतं, आणि पुरातत्त्व अभ्यासकांनी त्याला जाहीर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, विक्रीसाठी उपसताना भांडी वर येतात, पण जहाजावरचं माणसांचं जगणं सांगणाऱ्या बारीकसारीक खुणा हरवतात. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी पडली होती, याची नोंद राहिली नाही तर तिची निम्मी गोष्ट गेली.

तिलावा: विटा आणि वारस

आता एका अशा जहाजाकडे येऊ ज्याच्या बाबतीत माल आणि माणूस हे दोन्ही हिशेब आपल्या डोळ्यांसमोर झाले.

एस. एस. तिलावा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची बोट. दुसरं महायुद्ध सुरू होतं. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर साडेनऊशेच्या आसपास माणसं होती, त्यातली बहुसंख्य भारतीय. आफ्रिकेत दुकान असलेले, नोकरीला निघालेले, नवऱ्याकडे किंवा बापाकडे चाललेल्या बायका-मुलं, आणि बोटीवरचे खलाशी. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते.

२३ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांमध्ये उतरले. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण परत चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना एचएमएस बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेने उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईला आणून सोडलं.

बोटीत साठ टनांच्या आसपास चांदी होती. दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या सरकारने ती बहुतांशी नाणी पाडण्यासाठी घेतली होती. ती अडीच किलोमीटर खोल समुद्रात जाऊन पडली. सत्तरहून अधिक वर्षांनी एका ब्रिटिश कंपनीने बुडालेली बोट शोधली आणि २०१७ साली चांदी वर काढून इंग्लंडला नेली. किती? २,३६४ विटा. बघा, आकडा किती नेमका आहे.

मग खटला उभा राहिला. कंपनी म्हणाली, आम्ही चांदी वाचवली, आम्हाला मोबदला द्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, माल आमच्या सरकारचा आहे, तुमच्या न्यायालयात आमच्यावर असा दावा चालणार नाही. एकेक पायरी चढत प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ८ मे २०२४ रोजी निकाल लागला. निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने गेला. मुद्दा असा होता की बोटीच्या पोटात ठेवलेली ही चांदी व्यापारी वापरात होती असं म्हणता येईल का. न्यायालयाने सांगितलं, म्हणता येणार नाही.

मी या निकालाविरुद्ध बोलत नाही. ज्याची अमानत त्याला परत मिळाली पाहिजे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या २,३६४ विटांसाठी तीन न्यायालयांत मोठमोठे वकील उभे राहिले. त्या २८० माणसांसाठी कोण उभं राहिलं?

त्यांच्यासाठी त्यांचीच नातवंडं उभी राहिली. भारत, आफ्रिका, इंग्लंड, कॅनडा अशा ठिकाणी पांगलेल्या घरांतल्या लोकांनी एकमेकांना शोधून काढलं. प्रवाशांची नावं जमवली, वाचलेल्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, जुनी कागदपत्रं मिळवली. २०२२ साली घटनेला ऐंशी वर्षं झाली तेव्हा यातली काही कुटुंबं मुंबईत जमली आणि त्यांनी आपल्या माणसांना श्रद्धांजली वाहिली. दुर्घटना घडली तेव्हा युद्धाची बातमीबंदी होती, नंतर फाळणी आली आणि देश घडवण्याची घाई आली. त्यामुळे ऐंशी वर्षं ही गोष्ट घराघरांत कुजबुजीसारखी राहिली होती. ती बाहेर आणण्याचं काम सामान्य घरांतल्या नातवंडांनी केलं. संग्रहालयाची इमारत त्यांच्याकडे नव्हती. पण संग्रहालय जे करतं ते त्यांनी केलं.

रामदास: आकडाच ठरला नाही

आता आपल्या महाराष्ट्राची बोट.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला एकोणतीस दिवस बाकी. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रामदास नावाची बोट रेवसला निघाली. रेवस म्हणजे अलिबाग तालुक्यातलं बंदर, दीड तासाचा प्रवास. मुंबईत मजुरी करणारे, मासळी आणि भाजी विकणारे, कोर्टकचेरीच्या कामाला आलेले, अमावास्येच्या तोंडावर घरी निघालेले अशी सगळी माणसं. पावसाचे दिवस, समुद्र खवळलेला.

बोट होती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीची. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. स्वदेशीच्या काळात, परक्या बोट कंपन्यांशी टक्कर द्यायला उभी राहिलेली ही कंपनी. तिने बोटींना संतांची नावं दिली. रामदास, तुकाराम, आणि सेंट झेवियरही. प्रवासी सगळ्या धर्मांचे, मग नावंही तशीच. तुकाराम आणि जयंती या दोन बोटी मात्र ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. रामदास १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधली गेली. तिचे कप्तान होते शेख सुलेमान इब्राहिम. संत रामदासांच्या नावाची बोट, तिचा कप्तान मुसलमान, खलाशी कोकणातले, आणि हे १९४७ च्या जुलैत. देशात ज्या दिवसांत माणूस माणसाचं नाव विचारून त्याला मारत होता, त्याच दिवसांत ही बोट रोजच्यासारखी सगळ्यांना घेऊन निघत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या वर्षाची आपल्याला फक्त एकच गोष्ट सांगितली जाते.

काश्याच्या खडकाजवळ बोट पोहोचली. वारा आणि लाटा एका बाजूने आदळत होत्या. भिजू नये म्हणून, घाबरून, लोक दुसऱ्या बाजूला सरकले. बोट कलली, पुन्हा लाट आली आणि काही क्षणांत ती उलटली. हे गणित समजून घ्या. बोट पाण्यावर स्थिर राहते ती वजन मधोमध आणि खाली असेपर्यंत. शे-दोनशे माणसं एकदम एका बाजूला गेली की वजनाचा मध्य सरकतो. त्या क्षणी आलेली लाट नेहमीपेक्षा मोठी असायची गरज उरत नाही.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. त्यामुळे मुंबईपासून जेमतेम दहा मैलांवर शेकडो माणसं बुडत होती आणि मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी बातमी आणली. रेवसकडच्या कोळी बांधवांनी तशा समुद्रात आपल्या होड्या घातल्या आणि जमेल तितक्यांना ओढून घेतलं. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव या कोळ्यांमुळे वाचला. हात धरून वर घेताना कुणी कुणाला जात-धर्म विचारल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली. इतक्या मोठ्या बातमीपुढे रामदास मागे पडली.

आणि आता मुद्दा. रामदासवर किती माणसं गेली? कुठे सव्वासहाशे वाचायला मिळतं, कुठे सातशेच्या वर. तिलावाच्या चांदीच्या विटा एकेक करून मोजल्या गेल्या. रामदासवरची माणसं आजही 'सुमारे' आहेत. तिकिटं फाडली जात होती, पण नाव कुणाचंच लिहिलं जात नव्हतं. आईच्या कडेवरचं मूल कुठल्या आकड्यात धरायचं? बिगरतिकीट चढलेला मजूर कुठे धरायचा? ज्याचं कुटुंब विचारत आलं तो मोजला गेला. ज्याचं अख्खं कुटुंबच बोटीत होतं, त्याच्यासाठी विचारायला कोण येणार?

आपल्या धर्मात बुडून मेलेल्या माणसाला शहिदाचा दर्जा सांगितला आहे. एवढा मोठा दर्जा, पण त्याचं नाव कुठल्या कागदावर नाही, ही गोष्ट मनाला लागायला हवी.

नावं कुणी जपली

सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. नावं जपल्याची दोन उदाहरणं देतो.

मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. खलाशांची उतरायची जागा. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर नाही की समाधी नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नावं एका मोठ्या नोंदवहीत लिहिली आहेत. तिची एक प्रत मुंबईत आणि दुसरी चितगावला. त्या काळात ब्रिटिश जहाजांच्या बॉयलरसमोर कोळसा टाकणारे आगवाले, सारंग, टंडेल यांत कोकणातल्या, सिल्हेट-चितगावच्या मुसलमानांचं प्रमाण मोठं होतं. त्यांची नावं त्या वहीत आहेत. मुंबईला गेलात तर गेटवे बघालच, हाजी अलीला जालच. ही जागाही बघून या.

जवळच बॅलार्ड इस्टेटमध्ये बॅलार्ड बंदरचं जुनं गेटहाउस आहे. नौदलाने ते दुरुस्त करून त्यात छोटं सागरी संग्रहालय मांडलं. एका दरवाजाएवढ्या इमारतीतही एका बंदराचा इतिहास मावू शकतो, हे त्यावरून कळतं.

दुसरं उदाहरण गुजरातचं. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी वैतरणा नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणायचे. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. बोटीचा अवशेष कधी सापडला नाही. संग्रहालयात ठेवायला एक खिळासुद्धा नाही. तरी गुजरातेत विजळी आणि हाजी कासम ही नावं घराघरांत माहीत आहेत, कारण लोकांनी त्यावर गाणं रचलं आणि पिढ्यान्‌पिढ्या गायलं. गाण्यात हाजी कासमचं नाव आहे आणि ते गाणारे सगळ्या धर्मांचे आहेत. वस्तू उरली नाही तरी आठवण जपता येते. फक्त जपणारा हवा.

आपण इथे काय करायचं

आता पारशिवनीत परत येऊ. भाषण ऐकून घरी गेल्यावर करायची चार कामं सांगतो. चारही बिनखर्चाची आहेत.

पहिलं काम नोंदीचं. बोटीने हजला गेलेले लोक आता थोडे उरले आहेत. जे आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे जाऊन बसा. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊनच. कोणत्या साली गेले, कोणती बोट होती, मुंबईत किती दिवस थांबले, सोबत कोण होतं, बोटीवर काय खाल्लं, कुणी वाटेत अल्लाहला प्यारं झालं का, त्याचा दफनविधी समुद्रात कसा झाला, हे विचारा. बाईंचं नाव लिहिताना 'अमक्याची बीवी' असं लिहू नका. त्यांचं स्वतःचं नाव लिहा. त्याही समुद्र ओलांडून आल्या आहेत.

दुसरं काम वस्तूंचं. पत्र्याची पेटी, जमजमचा डबा, बोटीचं तिकीट, पासावर चिकटवलेला फोटो, जिद्दाहून पाठवलेलं पत्र. बहुतेक घरांत यातलं काही ना काही असतं आणि दिवाळी-ईदच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे जातं. ते थांबवा. गंजलेली पेटी घासून चकचकीत करू नका, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं नाव आणि गाव निघून जाईल. कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी, ऊन लागणार नाही असं ठेवा. समुद्रातून काढलेल्या वस्तूंनाही असाच धीर लागतो. स्वीडनचं वासा नावाचं जहाज १६२८ साली बुडालं आणि १९६१ साली वर काढलं. त्याचं लाकूड वाळून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्याच्यावर खास रसायनाचा फवारा मारला. आपल्याला तर फक्त एक कोरडं कपाट लागेल. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा: कुणाची, कुठली, कधीची, कुणी दिली. चिठ्ठीशिवाय वस्तू म्हणजे भंगारच.

आणि फक्त आपल्या वस्तीतलं जमवून थांबू नका. पेंचच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीच्या आठवणी, इथल्या मासेमारांची जाळी आणि डोंगे, हेही त्याच कपाटात यायला हवं. ढिवर समाजाच्या मुलांना सोबत घ्या. पाण्याचं ज्ञान आपल्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.

तिसरं काम जिवंत माणसांचं. ९ जुलै २०१७ आठवा. आपल्याच जिल्ह्यात वेणा जलाशयात होडी उलटली आणि आठ तरुण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान होडीने धडक दिली. पंधरा जीव गेले. त्या बोटीला परवानगी ८४ प्रवाशांची होती आणि बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती. म्हणजे रामदासनंतर सत्त्याहत्तर वर्षांनीही बोटीवर नेमकं कोण आहे हे आधी लिहिलेलं नसतं, ते अपघातानंतर शोधावं लागतं. खिंडसीला, पेंचला सहलीला जाल तेव्हा होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा. मिळालं नाही तर बसू नका. बसणाऱ्यांची नावं वहीत लिहितात का ते विचारा. लिहीत नसतील तर ग्रामपंचायतीकडे, तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. नागरिक म्हणून हा आपला हक्क आहे. जुन्या मृतांची आठवण काढायची आणि उद्याच्या मृतांना मोकळी वाट द्यायची, याला काही अर्थ नाही.

चौथं काम थोडं लांबचं. १७ जुलै २०४७ रोजी रामदासला शंभर वर्षं होतील. देशाच्या स्वातंत्र्यालाही त्याच वर्षी शंभर वर्षं होतील आणि सोहळे जोरात असतील. आज तुम्ही अठरा-वीसचे आहात, तेव्हा चाळिशीत असाल. शिक्षक असाल, वकील, पत्रकार, सरपंच, कुणी सरकारी अधिकारी असाल. रायगड जिल्ह्यातल्या, मुंबईतल्या तरुणांशी आतापासून ओळख करा. मशिदींचे आणि ग्रामपंचायतींचे मृत्यूचे दफ्तर, जुनी वर्तमानपत्रं, घराघरांतल्या आठवणी यांतून नावं गोळा करता येतील. सगळी मिळणार नाहीत. पण शंभर मिळाली तरी 'सुमारे सातशे' मधली शंभर माणसं आकड्यातून बाहेर येतील.

एक शंका काही जणांच्या मनात असेल. समाजापुढे शिक्षण, रोजगार, सुरक्षितता असे एवढे प्रश्न असताना जुन्या पेट्या आणि तिकिटं कशाला जपायची? मला वाटतं, त्याच प्रश्नांसाठी ती जपायची. कुणी तुम्हाला विचारतं, तुमचे पूर्वज इथे काय करत होते? तेव्हा आरडाओरड करून उत्तर देता येत नाही. बोटीच्या सुकाणूवर शेख सुलेमान होते, ब्रिटिशांच्या जहाजात कोळसा टाकताना बुडालेले खलाशी आमचे होते, पारशिवनीच्या आसपासच्या गावातून रेल्वेत बसून समुद्र ओलांडणारी आमची नानी होती, आणि हे सगळं नावानिशी, तारखेनिशी आमच्या कपाटात आहे, असं शांतपणे दाखवता आलं पाहिजे. त्याच कपाटात रेवसच्या कोळ्यांचं नावही असलं पाहिजे, कारण त्यांचं देणं आपल्यावर आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक नाव घेऊन यावं. घरातलं, मोहल्ल्यातलं, शेजारच्या गावातलं. पाण्यावरून गेलेल्या कुणाचंही. नाव, गाव, साल, आणि दोन ओळी. आपण वही आजच आणली आहे, ती दारापाशी ठेवली आहे. ज्यांना आत्ताच एखादं नाव आठवत असेल त्यांनी जाताना लिहून जावं.

जय हिंद, जय संविधान.